कॅन तीनदा धुतला, मग कायचं विष?

आमच्या न्हाणीत एक पाच लिटरचा पांढरा कॅन होता, पऱ्हाटीवर फवारायच्या औषधाचा, लेबल खरवडून काढलेलं. मायनं तो राखेनं तीनदा घासला अन त्यातून वावरात ताक न्यायला लागली. मी बोललो तर म्हणे, काहून रे, वास तं येत नाही ना आता?

वास येत नव्हता हे खरंच. पण आपल्याला विष एकच माहीत आहे, चक्कर आली, उलट्या झाल्या, गाडी काढली अन जिल्ह्याच्या दवाखान्यात. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारता फवारता विषबाधा होऊन जे शेतकरी-मजूर गेले ते अशानंच. दुसरं एक विष असते, ते कोणाला पाडत नाही, शरीरातले निरोप बिघडवते फक्त.

हे निरोप नेते ते हार्मोन, म्हणजे कोतवालाची दवंडी समजा. फिरते सगळ्या गावात, पण ज्याचं काम असेल तोच उठून चावडीवर जातो. हार्मोनही रक्तातून सगळीकडं फिरते, पण ज्या पेशीत त्याला ओळखणारा रिसेप्टर आहे तीच कामाला लागते. आता कोतवालाचा आवाज काढून एखादं पोट्टं भलतंच ओरडत फिरलं तर? एंडोसल्फान, जे कपाशीवर आपण वर्षानुवर्षं मारलं अन २०११ मधे सुप्रीम कोर्टानं बंद केलं, ते इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनची अशीच कच्ची नक्कल करते. डीडीटी या कीटकनाशकाचं शरीरात डीडीई बनते, ते पुरुषी हार्मोनच्या रिसेप्टरवर जाऊन नुसतं बसून राहते, म्हणजे खरी दवंडी कोणाला ऐकूच येत नाही.

अन "थोडंसंच तर आहे" हे इथं चालत नाही, कारण हार्मोनच मुळात थोडं असते. बाईच्या रक्तातलं मुख्य इस्ट्रोजेन पाळीच्या चक्रात कमीजास्त होते, पण १०० पिकोग्रॅम दर मिलीलिटर धरा, म्हणजे उन्हाळ्यात येतात तसे १० हजार लिटरचे १००० टँकर अन त्या सगळ्यांत मिळून १ ग्रॅम. एवढ्यावर शरीर चालते बाप्पा! नक्कल करणारी बहुतेक रसायनं खऱ्या हार्मोनपेक्षा लय कमजोर असतात हे मान्य, पण ती रोज येतात अन काही तर चरबीत मुक्कामच ठोकतात.

त्यातही वेळ वाईट असली की जास्त नुकसान. डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन १९३८ मधे इंग्लंडमधे तयार झालं, पुढं अमेरिकेत गर्भ पडू नये म्हणून लाखो गरोदर बायांना दिलं. बायांना तेव्हा काही झालेलं दिसलं नाही. १९७१ मधे बोस्टनच्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं की त्या बायांच्या काही तरण्या पोरींना योनीचा एक दुर्मिळ कॅन्सर होऊन राहिला. पोटात अवयव घडत असताना चुकीची दवंडी गेली, ती वीस-एक वर्षांनी उमटली.

राहिला कॅन. तीनदा धुवायचं हे बरोबरच आहे, पण ते पाणी फवारणीच्या पंपात ओतायचं असते अन मग कॅनला भोकं पाडायची, परत वापरायसाठी नाही ते. प्लास्टिक औषध थोडं आत शोषून घेते, घासून ते निघत नाही. मी खिळ्यानं चार भोकं पाडली. माय दोन दिवस बोलली नाही, ताक आता स्टीलच्या किटलीत जाते.