गोळी गरम पडली, की दुसरीच वाढली?

मामांच्या हातातल्या बशीतून चहा सांडायला लागला, तेव्हा घरात एकमतानं निदान झालं: गोळी गरम पडली. सोलापुरात मे महिन्यात काहीही झालं तरी ते गरमच पडलेलं असतं. मामांची किडनी बदललेली, शरीरानं ती नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस हे औषध कायमचं चालू. यंत्रमागावरच्या घामानं कंबरेला नायटा उठला, म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवायच इट्राकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाच्या कॅप्सूल आणल्या होत्या.

थरथर त्या कॅप्सूलची नव्हतीच, टॅक्रोलिमसची होती. यकृतात आणि आतड्यात सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम टॅक्रोलिमसचा निचरा करतं. इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल ही सगळी भावंडं त्यालाच अडवून धरतात. डोस तेवढाच, पण रक्तातली लेव्हल चढत जाते. मग हात थरथरतात, डोकं दुखतं, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीवर ताण आल्याची खूण) आणि पोटॅशियम वाढतं, कधी साखरही. म्हणून तर व्होरिकोनॅझोल सुरू करताना डॉक्टर टॅक्रोलिमस साधारण एक तृतीयांशावर आणतात, त्याच कामाचं सायक्लोस्पोरिन असेल तर ते निम्म्यावर, आणि सकाळच्या डोसआधीचं रक्त पुन्हापुन्हा तपासतात.

बुरशीच्या औषधाचा स्वतःचा त्रास वेगळा दिसतो. व्होरिकोनॅझोल घेतल्यावर थोड्याच वेळात दिवे झगझगतात, रंग बदलल्यासारखे वाटतात, मग आपोआप ओसरतं. उन्हात कातडी भाजते. महिनोन्‌महिने घेतलं तर त्वचेच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. आपल्याकडच्या चाळीसच्या वरच्या उन्हात नुसता डोक्याला टॉवेल गुंडाळून भागत नाही, हातही झाकावे लागतात. इट्राकोनॅझोलनं पोट बिघडतं, पाय सुजतात, हृदय कमजोर असेल तर दम लागतो. पाय सुजले की घरचे लगेच नव्या किडनीला बोल लावतात, हा आणखी एक घोळ.

फरक कळला नाही तर उपाय उलटा पडतो. टॅक्रोलिमसचा डोस कमी केलेला असताना कुणी बुरशीची गोळी परस्पर बंद केली, तर अडवलेलं एन्झाइम मोकळं होतं, लेव्हल कोसळते आणि शरीर किडनी नाकारू शकतं. सुरू करताना जेवढी काळजी, तेवढीच थांबवताना.

मामांची लेव्हल बरीच वर निघाली. डॉक्टरांनी टॅक्रोलिमस कमी केलं, कॅप्सूल थांबवून नायट्याला मलम दिलं. इट्राकोनॅझोल बंद केल्यावरही काही दिवस अंगात रेंगाळतं, त्यामुळे चहा लगेच सांडायचा थांबला नाही. आता मामांच्या खिशात टॅक्रोलिमसची रिकामी स्ट्रिप असते. खोकल्याची बाटली घ्यायची असली, तरी आधी ती काउंटरवर ठेवतात.