डॅनियल इनोये आणि वीस हजार डॉलरची माफी

होनोलुलूच्या विमानतळाला २०१७ पासून डॅनियल इनोये यांचं नाव आहे. हवाईचे हे सिनेटर जवळजवळ ५० वर्षं सिनेटमध्ये होते. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भोवलेल्या वॉटरगेट प्रकरणाच्या चौकशी समितीचे सदस्य आणि इराणला गुपचूप शस्त्रं विकण्याच्या इराण-कॉन्ट्रा प्रकरणाच्या सिनेट समितीचे अध्यक्ष म्हणून ते जगाला माहीत झाले. माझ्या मते मात्र त्यांचं सर्वात मोठं काम वेगळंच आहे: स्वतःच्या नागरिकांवर केलेल्या अन्यायाबद्दल अमेरिकन सरकारला माफी मागायला लावणं, आणि माफीसोबत पैसेही मोजायला लावणं.

या घराण्याची हवाईतली सुरुवात कर्जापासून झाली. जपानमधल्या फुकुओका भागात पणजोबांच्या घराला आग लागली आणि ती शेजारच्या घरांपर्यंत पसरली. भरपाईचे ४०० डॉलर फेडायला आजोबा १८९९ मध्ये बायको आणि लहान मुलाला घेऊन हवाईच्या उसाच्या मळ्यात मजुरीला आले. ते कर्ज फिटायला कित्येक वर्षं गेली. ७ सप्टेंबर १९२४ ला होनोलुलूत जन्मलेला डॅनियल हा त्या लहान मुलाचा मुलगा.

७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले तेव्हा तो १७ वर्षांचा होता. प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलं होतं, म्हणून जखमींच्या मदतीला धावला. पुढे थोड्याच दिवसांत लष्कराने जपानी वंशाच्या तरुणांना ‘शत्रुदेशाचे परकीय’ या वर्गात टाकलं, ते जन्माने अमेरिकन नागरिक असूनही. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना उचलून आतल्या राज्यांतल्या छावण्यांत डांबण्यात आलं. सुमारे १,२०,००० माणसं, त्यांतले दोन-तृतीयांश अमेरिकन नागरिक. हवाईत एक-तृतीयांशाहून जास्त लोकसंख्याच जपानी वंशाची होती. तिला कोंडलं असतं तर बेटांवरचा सगळा कारभार थांबला असता. त्यामुळे तिथे सरसकट धरपकड झाली नाही, आणि इनोये कुटुंब घरीच राहिलं.

१९४३ मध्ये लष्कराने जपानी वंशाच्या तरुणांच्या भरतीवरची बंदी उठवली. हवाईतून १,५०० स्वयंसेवक हवे होते, पुढे आले जवळजवळ १०,०००. सर्जन व्हायचं ठरवून वैद्यकपूर्व शिक्षण घेणारा इनोयेही त्यांत होता. जपानी-अमेरिकन जवानांच्या या ४४२ व्या रेजिमेंटचं प्रशिक्षण मिसिसिपीत सुरू झालं आणि हवाईची मुलं व मुख्यभूमीवरची जपानी-अमेरिकन मुलं यांच्यात रोज मारामाऱ्या होऊ लागल्या. मुख्यभूमीवरची मुलं इतकी घुमी का, पैसा हात आखडून का खर्चतात, हे हवाईकरांना कळेना. मग अधिकाऱ्यांनी हवाईच्या काही जवानांना आर्कान्सामधल्या रोवरला पाठवलं, तिथल्या जपानी कुटुंबांना भेटायला. जाताना बसमध्ये युकुलेली (गिटारसारखं छोटं वाद्य) वाजत होती, गाणी चालली होती. वळणापलीकडे दिसलं ते तारेचं कुंपण, पहाऱ्याचे मनोरे आणि आतल्या लाकडी बराकी. आपल्याच रेजिमेंटमधल्या पोरांचे आईबाप तिथे कैदेत होते. परतताना कोणी गायलं नाही. आपण अशा छावणीत असतो तर सैन्यात नाव दिलं असतं का, हा प्रश्न इनोयेंनी पुढे कित्येक वेळा जाहीरपणे विचारला. खात्रीने ‘हो’ म्हणणं त्यांना कधी जमलं नाही.

२१ एप्रिल १९४५. इटलीत सान तेरेन्झोजवळच्या एका कड्यावर लेफ्टनंट इनोये पोटात गोळी लागलेली असताना मशीनगनच्या ठाण्यांवर चाल करत होते. तिसऱ्या ठाण्यावर ग्रेनेड फेकायला हात उगारला, तोच समोरून आलेल्या माऱ्याने उजवं कोपर फुटलं. पिन काढलेला ग्रेनेड त्या लुळ्या मुठीतच राहिला. डाव्या हाताने तो सोडवून घेऊन त्यांनी फेकला. हात कापावा लागला. अकरा दिवसांनी इटलीतलं युद्ध संपलं.

सर्जन होणं आता शक्य नव्हतं, म्हणून ते कायदा शिकले. २१ ऑगस्ट १९५९ ला हवाई राज्य झालं आणि इनोये प्रतिनिधिगृहात गेले. सभापती सॅम रेबर्न यांनी शपथेसाठी प्रथेप्रमाणे उजवा हात वर करायला सांगितलं. इनोयेंनी डावा केला. १९६३ मध्ये ते सिनेटमध्ये आले. एवढं होऊनही १९७३ च्या वॉटरगेट सुनावणीच्या वेळी एका साक्षीदाराच्या वकिलाने त्यांचा उल्लेख ‘तो बुटका जॅप’ (जपान्यांसाठीची शिवी) असा केलाच.

छावण्यांच्या भरपाईची मागणी जोर धरू लागली तेव्हा, १९७९ मध्ये, इनोयेंनी कार्यकर्त्यांना सबुरीचा सल्ला दिला: थेट पैसे मागू नका, आधी सरकारी आयोग नेमून घ्या. अनेकांना ही टाळाटाळ वाटली, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे, कारण म्हातारी माणसं रोज मरत होती. पण बहुतेक अमेरिकनांना या छावण्या ठाऊकच नव्हत्या. १९८० मध्ये आयोग झाला, ७५० हून अधिक साक्षी झाल्या. चाळीस वर्षं पोटच्या मुलांनाही न सांगितलेलं माणसं तिथे बोलली. आयोगाने कारणं स्पष्ट लिहिली: वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश. त्याच पायावर १९८८ चा कायदा उभा राहिला: औपचारिक माफी आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर. सिनेटमध्ये हे विधेयक लावून धरलं ते इनोयेंचे सहकारी स्पार्क मात्सुनागा यांनी.

कायदा झाला, पण पैसे निघेनात. दर वर्षी अर्थसंकल्पात मागणी करायची आणि काटछाट सोसायची, अशी लक्षणं दिसू लागली. इथे सरकारी खर्च मंजूर करणाऱ्या विनियोजन समितीतला इनोयेंचा अनुभव कामी आला. १९८९ मध्ये त्यांनी ही भरपाई हक्काच्या देण्यांत बसवून घेतली, म्हणजे दर वर्षी हात पसरण्याचा प्रश्नच उरला नाही. स्वतः छावणीत नसल्यामुळे त्यांना यातला एक डॉलरही मिळायचा नव्हता. ऑक्टोबर १९९० मध्ये पहिले धनादेश सर्वात वयोवृद्धांना दिले गेले. १०७ वर्षांच्या मामोरू एतो यांच्यासमोर अमेरिकेचे अॅटर्नी जनरल गुडघ्यावर बसले होते.

पुढच्या वर्षांचं चित्र संमिश्र आहे. १९९२ मध्ये केस कापणाऱ्या एका महिलेने त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. त्यांनी तो नाकारला आणि सिनेटच्या नीतिसमितीने प्रकरण पुढे नेलं नाही. हवाईसाठी खास तरतुदींतून त्यांनी इतका पैसा नेला की टीकाकारांनी त्यांना त्याच कारणासाठी धारेवर धरलं. इनोये मात्र ते उघडपणे मिरवत. २००० मध्ये आशियाई वंशाच्या २२ सैनिकांच्या पदकांचा फेरविचार होऊन इनोयेंसह त्या सगळ्यांना देशाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, ५५ वर्षांनी.

१७ डिसेंबर २०१२ ला ते गेले. आपल्या जागी प्रतिनिधिगृहातल्या हवाईच्या सदस्य कॉलीन हानाबुसा यांना नेमावं असं पत्र त्यांनी राज्यपालांना लिहून ठेवलं होतं. राज्यपाल नील अॅबरक्रॉम्बी यांनी ते मानलं नाही, नेमणूक आपले उपराज्यपाल ब्रायन शात्झ यांची केली. हवाईच्या डेमोक्रॅटिक पक्षातली त्यावरची धुसफूस २०१४ च्या प्राथमिक निवडणुकीपर्यंत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानापर्यंत, चालली. तिथे हानाबुसा अगदी थोड्या मतांनी हरल्या.