खासदारांचं दुसरं घर: ब्रिटनमधल्या भत्ते प्रकरणाची पार्श्वभूमी

२००९ च्या मे महिन्यात ब्रिटनमधल्या खासदारांनी भत्त्यात काय काय लावलं ते वर्तमानपत्रात छापून आलं, आणि त्या प्रकरणाबद्दल बोलायला लागलं की कुणीतरी बदकांचं घर काढतंच. तळ्यात तरंगणारं, १,६४५ पौंडांचं, एका खासदाराने भत्त्यात लावायचा प्रयत्न केला होता ते. गंमत म्हणजे ते पैसे त्याला मिळालेच नव्हते, संसदेच्या भत्ते बघणाऱ्या ऑफिसने तो क्लेम नाकारला होता, पण नाव बदकांचं झालं ते झालंच. त्याच्या जोडीला आणखी एकाचे घराभोवतीचा खंदक साफ करायचे २,११५ पौंड आणि बाथरूमच्या बुचाचे ८८ पेन्स. हे सगळं वाचायला मजेशीर आहे पण त्या नादात मूळ भानगड बाजूला राहते, आणि ती आहे दुसऱ्या घराची.

थोडं मागे जाऊ, फार नाही. ब्रिटनमध्ये १९११ पर्यंत खासदारांना पगारच नव्हता. म्हणजे ज्याच्या घरी जमीनजुमला त्यानेच राजकारण करायचं. कामगारांच्या चळवळीने १८३८ सालीच पगाराची मागणी केली होती, ती मान्य व्हायला सत्तरेक वर्षं गेली आणि मग वर्षाला ४०० पौंड सुरू झाले. तेव्हापासून एक दुखणं कायम आहे, पगार वाढवायचा तर मतदान खासदारांनीच करायचं आणि शिव्या पण त्यांनीच खायच्या, त्यामुळे कुठलंही सरकार असो, समितीने वाढ सुचवली की "आत्ता नको, लोक काय म्हणतील" असं म्हणून ती कापायची किंवा लांबवायची.

मग १९७१ मध्ये बाहेरगावच्या खासदारांसाठी राहण्याचा भत्ता आला. कल्पना अगदी रास्त होती, मतदारसंघ स्कॉटलंडमध्ये आणि संसद लंडनमध्ये, दोन्हीकडे राहणार कसं. आपल्याकडे दिल्लीत खासदाराला सरकारी बंगला नाहीतर फ्लॅट मिळतो, तिथे तशी सोय नव्हती, म्हणून पैसे. (आणि हो, आपल्या खासदार निधीशी याचा काही संबंध नाही, तो विकासकामांचा, हा चहा-साखर-हप्त्याचा.) पुढच्या तीसेक वर्षांत झालं असं की पगार दाबून ठेवलेला, आणि "भत्ता आहे ना, तो पूर्ण घ्या" असं एक न लिहिलेलं अंडरस्टँडिंग तयार झालं. २००१ मध्ये खासदारांनी मतदान करून हा भत्ता एका झटक्यात ४० टक्क्यांहून जास्त वाढवून घेतला, पगार तेवढा वाढवला असता तर रस्त्यावर लोक आले असते, भत्त्याची बातमी मात्र फारशी कुणाच्या लक्षातही राहिली नाही. २००९ पर्यंत हा भत्ता वर्षाला साधारण २४ हजार पौंडांवर गेला होता आणि पगार होता ६४,७६६. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मुळं इथे आहेत. उघड पगार द्यायची हिंमत नव्हती म्हणून मागच्या दाराने दिला आणि मग मागच्या दाराला कुलूप कोण लावणार.

नियम बघितले तर हसू येतं. २५० पौंडांच्या आतल्या खर्चाला पावती लागायची नाही. खाण्यापिण्याचे महिन्याला ४०० पौंडांपर्यंत बिनपावतीचे. फर्निचर, टीव्ही वगैरे किती महाग चालेल हे ठरवायला ऑफिसमध्ये एका नामांकित दुकानाच्या किमतींवरून केलेली यादी होती, ती खासदारांना दाखवत नव्हते कारण मग सगळे कमाल आकडाच लावतील! त्या यादीप्रमाणे नवीन किचनला १० हजार पौंडांपर्यंत चालायचं. हे बाहेर आलं २००८ मध्ये.

आता मुख्य गुंता. पैसे मिळायचे ते "दुसऱ्या" घराचे, कर्जाचं व्याज (मुद्दल नाही), दुरुस्ती, सामान, बिलं. पण दुसरं घर कुठलं हे सांगणार कोण, तर खासदार स्वतः. ज्या घरी जास्त रात्री झोपता ते मुख्य घर, असा नियम कागदावर होता पण रात्री मोजायला कोण जातंय. त्या वेळच्या गृहमंत्री बाईंनी लंडनमध्ये बहिणीच्या घरातली एक खोली मुख्य घर म्हणून दाखवली आणि नवरा-मुलं राहतात ते मतदारसंघातलं घर झालं दुसरं. काहींनी त्याच्या पुढची पायरी गाठली. आधी अ घराला दुसरं म्हणायचं, त्याचं रंगकाम-किचन करून घ्यायचं, मग ऑफिसला कळवायचं की आता ब हे दुसरं, मग ब चं काम. आणि वर आयकरवाल्यांना वेगळंच सांगायचं, की विकलेलं घर हेच आमचं मुख्य घर होतं, म्हणजे नफ्यावरचा टॅक्स शून्य. एकच घर संसदेच्या कागदावर दुसरं आणि टॅक्सच्या कागदावर पहिलं. आणि यातलं बरंचसं नियमात बसत होतं, टॅक्सचा कायदा कुणालाही आपलं मुख्य घर निवडू देतो, फक्त सामान्य माणसाचं दुसरं घर सरकार सजवून देत नाही एवढाच फरक. पुढे एका मंत्री बाईंनी १३,३३२ पौंडांचा चेक टीव्ही कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला, तो या न भरलेल्या टॅक्सचा होता.

हे सगळं पकडायचं असेल तर एकच गोष्ट लागते, घराचा पत्ता. दोन वर्षांच्या क्लेममध्ये दोन वेगळे पत्ते दिसले की झालं. म्हणून मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात वादग्रस्त निर्णय पत्ते झाकण्याचा वाटतो.

त्यांचा माहिती अधिकार कायदा २००० चा पण लागू झाला जानेवारी २००५ पासून, आपला लागू झाला त्याच वर्षी. लगेच काही पत्रकारांनी खासदारांच्या पावत्या मागितल्या. संसदेने नाही म्हटलं, प्रकरण अपिलात गेलं, दरम्यान २००७ मध्ये संसदेलाच या कायद्यातून वगळणारं विधेयक खालच्या सभागृहाने पास पण केलं, वरच्या सभागृहात ते मांडायला कुणी पुढे आलं नाही म्हणून मेलं. मे २००८ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की पावत्या द्या, आणि पत्तेही द्या. यावर खासदारांनी काय करावं, तर दोन महिन्यांत, जुलै २००८ मध्ये, फक्त पत्ते कायद्याबाहेर काढणारा आदेश मंजूर करून घेतला. कारण दिलं सुरक्षेचं.

आता हे कारण अगदीच खोटं होतं असं म्हणणं बरोबर नाही. आयर्लंडच्या हिंसाचारात ब्रिटनचे खासदार मारले गेलेत, आणि पुढे २०१६ आणि २०२१ मध्ये दोन खासदारांचे खून झाले, दोन्ही मतदारसंघात लोकांना भेटायला गेले असताना. म्हणजे भीती खरी. पण गल्ली-नंबर झाकून गाव किंवा पोस्टकोडचा अर्धा भाग ठेवता आला असता, निदान "हे घर मागच्या वर्षीचंच की बदललं" एवढं लिहिता आलं असतं, ते पण नाही केलं. जानेवारी २००९ मध्ये सरकारने अख्खे खर्चच झाकायचा आणखी एक प्रयत्न केला, ओरड झाल्यावर मागे घेतला.

पुढे झालं असं. कोर्टाच्या आदेशाप्रमाणे पावत्या जाहीर करायच्या आधी त्यातले पत्ते वगैरे झाकायला काळे पट्टे मारायचं काम चालू असताना मूळ फाइल्सची कॉपी बाहेर पडली, एका वर्तमानपत्राने ती पैसे मोजून घेतली आणि ८ मे २००९ पासून रोज छापायला लागलं. पट्टे मारायच्या जागी पहाऱ्याला असलेले काही जण सैनिक होते, लढाईवर नीट सामान मिळत नाही म्हणून जोडकाम करणारे आणि समोर खासदारांच्या टीव्हीची बिलं, असं त्या वर्तमानपत्राने नंतर सांगितलं. संसदेने आपली अधिकृत आवृत्ती टाकली १८ जूनला, आणि त्यात पानंच्या पानं काळी. ती बघून लोक जास्त भडकले, कारण दोन्ही शेजारी ठेवल्यावर स्पष्ट दिसत होतं की नुसत्या अधिकृत कागदावरून घरांची अदलाबदल कधीच कळली नसती.

वेळ पण वाईट होती. बँका नुकत्याच सरकारी पैशाने वाचवलेल्या, नोकऱ्या जात होत्या. स्पीकरना जावं लागलं, असं दबावाखाली जाणारे १६९५ नंतरचे पहिलेच. ४ जूनच्या युरोपियन निवडणुकीत सत्ताधारी पक्ष १५.७ टक्क्यांवर, तिसरा, आणि युरोपातून बाहेर पडा म्हणणारा पक्ष दुसरा. पुढच्या सात वर्षांतलं, म्हणजे ब्रेक्झिटच्या मतदानापर्यंतचं, सगळं यावर ढकलणं जरा जास्त होईल, पण "वेस्टमिन्स्टरमधले (म्हणजे संसदेतले) ते" आणि "आपण" ही भाषा घराघरात पोचली ती याच महिन्यात.

नंतर ऑडिट झालं, निम्म्याहून जास्त जणांना पैसे परत करायला सांगितले, एकूण वसुली ११ लाख पौंडांच्या वर, आणि ऑडिटचा खर्च पण जवळजवळ तेवढाच. काही जण तुरुंगात गेले, फिटलेल्या कर्जाचं व्याज मागणारे वगैरे. त्यांनी बचाव काय केला माहितीये, १६८९ च्या हक्कांच्या कायद्याप्रमाणे संसदेतल्या कामाबद्दल कोर्ट आम्हाला विचारू शकत नाही! सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०१० मध्ये ते फेटाळलं, भत्त्याचा फॉर्म भरणं म्हणजे संसदेतलं भाषण नव्हे.

२०१० पासून भत्ते स्वतंत्र संस्थेकडे गेले, पुढे पगार पण. घराच्या कर्जाचं व्याज टप्प्याटप्प्याने बंद, आता भाडं मिळतं. त्याच संस्थेने २०१५ मध्ये पगार एकदम ७४ हजारांवर नेला, म्हणजे जे चाळीस वर्षं उघडपणे करायची हिंमत नव्हती ते बाहेरच्यांनी केलं, आणि शिव्या परत खासदारांनाच.

लोकांच्या हाती काय आलं तर २०१५ चा खासदार परत बोलवायचा कायदा. पण यात मतदार स्वतःहून सुरुवात करू शकत नाहीत, आधी शिक्षा किंवा निलंबन व्हायला लागतं, मग १० टक्के मतदारांनी सह्या केल्या की सीट रिकामी. वेल्समधल्या एका खासदाराने ऑफिसमध्ये लावलेल्या फोटोंची खोटी बिलं केली, रक्कम जेमतेम ७०० पौंड, आणि तो खर्च त्याला खऱ्या बिलानेही मिळाला असता. २०१९ मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला, १९ टक्के मतदारांनी सह्या केल्या, सीट गेली. पोटनिवडणुकीत पक्षाने त्यालाच परत तिकीट दिलं. दीड हजारांपेक्षाही कमी मतांनी पडला.