एआय अध्ययन-साधनांविषयी विद्यार्थ्यांची स्वीकारवृत्ती

विद्यापीठातील विद्यार्थी अभ्यासासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरायला कितपत राजी आहेत, याचा विचार करणारी संकल्पना. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यावर या विषयावरचे संशोधन झपाट्याने वाढले. त्याचा सैद्धान्तिक पाया मात्र जुना आहे. साधन उपयोगी वाटते का आणि वापरायला सोपे वाटते का, यावर माणसाचा इरादा ठरतो, असे संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडले. व्यंकटेश व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तंत्रज्ञान-स्वीकाराच्या आठ प्रतिमानांचा (मॉडेलांचा) मेळ घालताना भोवतालच्या माणसांचा प्रभाव आणि सोयीसुविधा हेही घटक धरले.

कोल्हापुरात यांच्याही आधी भाषेचा विचार करावा लागतो. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली व सातारा हे जिल्हे आहेत. चंदगड किंवा शाहूवाडीकडून मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलीच्या हाती पदव्युत्तर वर्गात इंग्रजी पाठ्यपुस्तक पडते. ‘हा परिच्छेद सोप्या मराठीत सांग’ असे मोबाइलवर टाइप केले की उत्तर मिळते आणि भर वर्गात विचारण्याचा संकोच टळतो. तिच्या या तयारीला कामचुकारपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

विश्वासाचा प्रश्न अधिक अवघड आहे. पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे पाहत ही साधने मजकूर रचतात. त्यामुळे चुकीचे विधानही सफाईदार भाषेत समोर येते. करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत रिक्त होणाऱ्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखणाऱ्या २६ जुलै १९०२ च्या आदेशाविषयी विचारले आणि उत्तरात राजर्षी शाहू व साताऱ्याचे छत्रपती शाहू यांची सरमिसळ झाली, तर कोल्हापूरचा विद्यार्थी ती चटकन पकडेल. संख्याशास्त्रीय चाचणीचा चुकीचा अर्थ किंवा अस्तित्वातच नसलेला संदर्भ मात्र त्याच्याच प्रबंधात बिनबोभाट उतरू शकतो. पूर्वज्ञान जिथे तोकडे, तिथेच साधनाची गरज मोठी आणि धोकाही मोठा. म्हणून ‘तुमचा या साधनावर विश्वास आहे का?’ एवढेच विचारणारी प्रश्नावली अपुरी पडते. विश्वास कोणत्या विषयापुरता, हेही विचारायला हवे.

मोफत आवृत्तीच्या मर्यादा आणि गावाकडचे नेटवर्क यांचाही परिणाम होतो. नियमांतील संदिग्धता त्याहून जाचक आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत इतरांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण एआयने नव्याने रचलेला मजकूर साम्य-तपासणीत सापडेलच असे नाही. वापर कुठवर चालेल हे विभागाने स्पष्ट सांगितले नाही, तर मुले साधन वापरतात पण बोलत नाहीत, आणि पाहणीत नोंदली जाणारी तयारी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसण्याची शक्यता राहते.