गाणं स्क्रीनवर, फसगत कानात

संगणकावर संगीत करायचं ठरवलं की पहिला प्रश्न ठरलेला: सॉफ्टवेअर कोणतं घेऊ? त्याचं उत्तर दोन ओळींत आटोपतं. एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ, लॉजिक, क्यूबेस, रीपर, गॅरेजबँड यांपैकी जे तुमच्या संगणकावर नीट चालतं आणि रोज उघडावंसं वाटतं, ते घ्या. डावीकडून उजवीकडे सरकणारा काळ, एकाखाली एक रचलेले ट्रॅक आणि सोबत मिक्सर, हा सांगाडा जवळपास सगळीकडे सारखाच असतो. एक हातात बसलं की दुसरं जड जात नाही. जड जातं ते ऐकणं. ही सगळी सॉफ्टवेअरं आवाजाचं चित्र काढून दाखवतात, आणि नवशिक्याचे कान कधी मिटतात आणि डोळे कधी कामाला लागतात, ते त्याचं त्यालाही कळत नाही.

त्या चित्रात दोन अगदी वेगळ्या जातीच्या गोष्टी शेजारीशेजारी दिसतात आणि सुरुवातीचा निम्मा गोंधळ त्यातूनच होतो. एक ऑडिओ, दुसरी मिडी. मिडी म्हणजे शिंप्याकडे दिलेली मापं, आणि ऑडिओ म्हणजे शिवून आलेला सदरा. मापं हवी तेव्हा खोडून बदलता येतात. सदरा उसवायचा तर कापडाला हात लावावा लागतो.

ऑडिओ म्हणजे हवेच्या दाबातल्या चढउतारांची मोजदाद. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात ही मोजणी सेकंदाला 44,100 वेळा होते. डावा आणि उजवा असे दोन्ही आवाज धरले तर एका मिनिटाच्या गाण्यात सुमारे 53 लाख आकडे भरतात. 44,100 हा विचित्र आकडा आला कुठून? माणसाला फार तर 20,000 हर्ट्झपर्यंतचं, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांपर्यंतचं, ऐकू येतं, आणि एखादी वारंवारता पकडायची तर तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. म्हणजे 40,000 च्या थोडं वर जायला हवं, इथवर गणित झालं. नेमकं 44,100 मात्र व्हिडिओ टेपमुळे ठरलं. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन आकडे, सेकंदाला 60 अर्धी चित्रं (फील्ड) आणि प्रत्येकात वापरण्याजोग्या 245 ओळी. गुणाकार करून पाहा. 1982 मध्ये सीडी बाजारात आली ती हाच आकडा घेऊन.

दुपटीचा हा नियम मोडला तर आवाज नुसता हरवत नाही, तो वेश बदलून परत येतो. 44,100 च्या मोजणीत 30,000 हर्ट्झचा स्वर शिरला तर तो 14,100 हर्ट्झचा होऊन ऐकू येतो. मुद्रण करताना यंत्रातली गाळणी त्याला बाहेरच अडवते. पण गिटारचा आवाज फाडणारं एखादं डिस्टॉर्शनचं प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं अवजार) संगणकाच्या आतच नवे वरचे स्वर तयार करतं, तिथे ही गाळणी उपयोगाची नसते. काही प्लगइनमध्ये ‘ओव्हरसॅम्पलिंग’ नावाचं बटण असतं ते यासाठी. आत तात्पुरती जास्त वेगाने मोजणी करायची, वरचा कचरा गाळायचा आणि मग मूळ वेगावर यायचं. प्रोसेसरवर भार पडतो, म्हणून ते बऱ्याचदा बंद ठेवलेलं असतं.

मिडीमध्ये आवाज नसतोच. कीबोर्डची पट्टी दाबली की तीन छोटे आकडे निघतात: ‘स्वर सुरू’ हा आदेश, कोणता स्वर, आणि किती जोरात. स्वरांना 0 ते 127 असे क्रमांक आहेत. पियानोच्या मधला सी म्हणजे 60. जोरालाही तेवढीच मोजपट्टी आहे, तिला व्हेलॉसिटी म्हणतात. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी ही भाषा ठरवली, आणि 1983 मध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका वायरीने जोडून ती लोकांसमोर वाजवून दाखवली. तंत्रज्ञानाच्या जगात चाळीस वर्षांनंतरही जवळपास तशीच टिकून राहिलेली भाषा क्वचितच सापडेल.

नवशिक्याची पहिली रचना यंत्रवत का वाटते, याचं उत्तर बऱ्याचदा त्या तिसऱ्या आकड्यात असतं. हायहॅटचे (ड्रमसेटमधल्या झांजांच्या जोडीचे) आठ ठोके माउसने टिचक्या मारून मांडा. आठही चौकटींच्या रेषेवर चपखल बसतात आणि आठांचीही व्हेलॉसिटी सारखीच, समजा 100, असते. ऐकायला हे टाइपरायटरच्या जवळचं वाटतं. आता पहिला, तिसरा, पाचवा, सातवा ठोका तसाच ठेवा आणि मधले चार 60 ते 75 च्या दरम्यान, प्रत्येकाला वेगळा आकडा देऊन, खाली आणा. लय लगेच डुलायला लागते. मग त्याच मधल्या ठोक्यांना रेषेच्या दहा-पंधरा मिलिसेकंद मागे ओढा. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा 500 मिलिसेकंदांची असते, म्हणजे हे सरकणं अगदी किरकोळ. स्क्रीनवर ते धड दिसतही नाही, कानाला मात्र कळतं. क्वांटाइझचं बटण सगळं रेषेवर आणून बसवतं. ते वापरायला हरकत नाही, पण शंभर टक्के वापरायची सक्ती कोणी केलेली नाही.

वेळेचाच आणखी एक त्रास पहिल्याच दिवशी भेटतो. पट्टी दाबली आणि आवाज किंचित उशिरा आला. संगणक आकड्यांची एक-एक तुकडी जमवून पुढे पाठवतो. त्या तुकडीला बफर म्हणतात. बफर 1,024 चा असेल तर फक्त तेवढ्यानेच 23 मिलिसेकंद जातात, 128 चा असेल तर 3 हून कमी. तीन मिलिसेकंदांत आवाज हवेतून साधारण एक मीटर जातो, म्हणजे समोरच्या स्पीकरचा आवाज कानापर्यंत यायलाही तेवढा वेळ लागतोच. वाजवताना बफर लहान ठेवावा; मिक्स करताना, म्हणजे सगळे ट्रॅक एकमेकांशी जुळवताना, मोठा, नाहीतर प्रोसेसर दमतो आणि आवाजात कचकच येते. 1957 मध्ये बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम 704 वर सतरा सेकंदांची रचना वाजवली तेव्हा संगणक आधी सगळे आकडे काढून टेपवर ठेवत असे, ऐकणं त्यानंतर. त्या मानाने तेवीस मिलिसेकंदांची तक्रार म्हणजे चैनच.

मिक्स करायला बसलं की मात्र यंत्र बाजूला राहतं आणि आपलाच कान दगा द्यायला लागतो. सगळ्यात मोठी फसगत जोराची. एखादा आवाज एक-दोन डेसिबलने वाढवला तर तो ‘मोठा’ वाटण्याआधी ‘चांगला’ वाटतो. कारण शरीरात आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवून दिलं की कानाची संवेदना सगळ्या वारंवारतांना सारखी नसते आणि आवाजाच्या पातळीनुसार ती बदलते. हळू ऐकताना 100 हर्ट्झचा खर्ज 1,000 हर्ट्झच्या स्वराइतका वाटायला हवा असेल तर त्याला वीसेक डेसिबल जास्त जोर लागतो. आवाज वाढवला की ही तफावत कमी होते. म्हणून जोरात लावलेलं गाणं भरदार वाटतं. प्लगइन बनवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे, आणि बरीच प्लगइनं लावल्या लावल्या आवाज थोडा वाढवतात. तुम्हाला वाटतं, वा, काय फरक पडला! उपाय साधा पण कंटाळवाणा: प्लगइनचा आउटपुट इतका खाली आणा की ते चालू-बंद केल्यावर जोर सारखाच वाटेल, आणि मग ठरवा. अर्धी प्लगइनं या परीक्षेत नापास होतात, असं माझं मत आहे.

दुसरी फसगत झाकोळण्याची. आतल्या कानातल्या शंखात एक पडदा असतो. तीव्र, म्हणजे उंच पट्टीचे, स्वर त्याच्या तोंडाशी कंप निर्माण करतात, खर्ज पार टोकाशी. हे उलगडल्याबद्दल गेऑर्ग फॉन बेकेशी यांना 1961 चं नोबेल मिळालं. खर्जाची लाट टोकाशी पोचण्याआधी तोंडापासून सगळा पडदा ओलांडत जाते, त्यामुळे जोरदार खर्ज त्याच्या वरच्या स्वरांना झाकतो. उलट तेवढं होत नाही. गाण्याचे शब्द कळेनासे झाले की नवशिक्या गायकाच्या ट्रॅकचा फेडर (मिक्सरवरची जोराची सरकपट्टी) वर ढकलतो. मग गिटार दबते, मग तीही वर जाते, आणि थोड्या वेळात सगळेच फेडर छताला टेकतात. अशा वेळी गिटार आणि कीबोर्डमधला 200 ते 400 हर्ट्झचा पट्टा इक्वलायझरने (ठरावीक वारंवारता कमी-जास्त करणाऱ्या अवजाराने) दोन-तीन डेसिबल उतरवून बघावा. गायकाला हातही न लावता शब्द वर येतात. हे काम एकच ट्रॅक ऐकवणारं सोलोचं बटण दाबून करता येत नाही, हेही लक्षात घ्यावं. झाकोळणं सगळे एकत्र वाजतानाच घडतं. एकट्याने ऐकताना देखणी वाटणारी गिटार गर्दीत अडचण करू शकते, आणि एकटी ऐकताना किरटी वाटणारी तिथे नेमकी बसते.

तिसरी फसगत मात्र आपल्या बाजूची आहे. बेसचा 55 हर्ट्झचा स्वर घ्या. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला तो झेपत नाही, तरी फोनवर गाणं ऐकताना बेस कळतो. स्वरासोबत त्याचे 110, 165, 220, 275 हर्ट्झचे संनादी, म्हणजे त्याच्या पटीतले वरचे स्वर, असतात. त्यांच्यातलं अंतर सारखं 55 चं आहे हे मेंदू ओळखतो आणि गैरहजर मूळ स्वर आपणच भरून काढतो. पण शुद्ध साइन तरंगाचा बेस केला असेल तर संनादी नसतातच, आणि फोनवर बेस गायब होतो. तिथे फेडर वाढवून उपयोग शून्य. त्याच ट्रॅकवर थोडं सॅचुरेशन (हलकं डिस्टॉर्शन) लावलं की तरंगाचा आकार किंचित मोडतो, संनादी जन्माला येतात आणि बेस फोनमधूनही ऐकू येऊ लागतो.

खोलीही खोटं बोलते. समोरासमोरच्या भिंतींत 3.43 मीटर अंतर असेल तर 50 हर्ट्झचा आवाज त्यांच्यामध्ये उभा राहतो: भिंतीपाशी दणदणीत, बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा. खुर्ची मध्यावर असेल तर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) कमी वाटते, तुम्ही ती वाढवता, आणि तेच गाणं दुसरीकडे वाजलं की खर्ज सगळ्यांवर स्वार होतो. खुर्ची मागेपुढे सरकवून पाहा, हेडफोनवर पडताळा. आवाज मात्र बेताचाच ठेवा, कारण तासभर मोठ्याने ऐकलेला कान तीव्र स्वरांना बोथट होतो आणि मग हात तेच स्वर वाढवत सुटतो.

शेवटी गाणं बाहेर काढताना तीच जुनी ओढ परत येते: इतरांइतकं मोठं वाजलं पाहिजे. डिजिटल आवाजाला छप्पर आहे, शून्य डेसिबल. मोजायला त्यावरचा आकडाच उरत नाही, म्हणून तरंगाचा माथा सपाट कापला जातो आणि आवाज फाटतो. लिमिटर (शिखरं दाबून बाकीचा आवाज वर आणू देणारं अवजार) लावून गाणं छपराला चिकटवण्याची चढाओढ सीडीच्या काळात बरीच वर्षं चालली. आता स्पॉटिफाय आणि यूट्यूब गाण्याची सरासरी जाणवणारी पातळी लुफ्स या एककात मोजतात, आणि ती उणे 14 च्या वर गेली की साधारणपणे गाणं आपणहून खाली उतरवतात. दाबून दाबून उणे 7 वर नेलेलं गाणं तिथे सात डेसिबल हळू वाजतं, आणि ठोक्यांतला चिरडला गेलेला उठाव काही परत येत नाही. शिखर उणे 1 डेसिबलच्या खाली ठेवून 24 बिटची वेव्ह फाइल काढली की पुरे.