आधारला लुन लावू नका

गेल्या हंगामात मालवणच्या बाजूला एका मच्छीमार सोसायटीत खलाशांची नोंदणी चालली होती. आधार क्रमांक टाकला की सॉफ्टवेअर म्हणे, "क्रमांक चुकीचा." एक म्हातारा खलाशी कार्ड पुढे धरून विचारत होता, "माझा कार्ड खोटा आसा काय रे?" कार्ड अस्सल होतं. अशा क्रमांकाचा शेवटचा अंक म्हणजे चेक डिजिट, टायपिंगची चूक पकडायला बाकीच्या अंकांवरून काढलेला; तो काढायच्या दोन पद्धती म्हणजे लुन आणि व्हरहूफ. कोड लिहिणाऱ्याने आधारला लुन लावला होता, आणि आधारचा बारावा अंक ठरतो व्हरहूफने. खरा आधार क्रमांक लुनमधून सुटतो तो योगायोगाने, साधारण दहात एक. बाकीच्यांनी खेटे घालायचे. हाच घोळ मी कितीदा तरी निस्तरलाय.

लुन तुम्हाला येतोच. उजवीकडून दुसऱ्या अंकापासून एकाआड एक अंक दुप्पट, 9 च्या वर गेला तर 9 वजा, बेरजेला 10 ने भाग जायला हवा. बँकेची कार्डं आणि मोबाइलचा 15 अंकी आयएमईआय यांच्यासाठी तो बरोबर. आयबीएमच्या लुन यांना पेटंट मिळालं 1960 मध्ये, डच गणिती व्हरहूफ यांची पद्धत 1969 ची. एखादा अंक चुकला तर दोन्ही पकडतात.

गोची आहे ती शेजारचे अंक उलटसुलट टाइप होण्यात. बेरजेला क्रम कळत नाही, म्हणून लुन दुप्पट करतो. 27 चे 72 झाले की तो पकडतो. पण दुप्पट करूनही 0 चा 0 च, आणि 9 चे 18, त्यातून 9 गेले की पुन्हा 9. म्हणजे 09 चे 90 झाले तर लुनला पत्ताच लागत नाही.

व्हरहूफमध्ये बेरीजच नाही. वाळूवर पाच भुजांचा तारामासा ठेवा, वरच्या भुजेवर खूण करा. एक घर उजवीकडे फिरवा, मग डावी बाजू उजवीकडे करून पालथा घाला: खूण डावीकडे. आधी पालथा घाला, मग फिरवा: खूण उजवीकडे. पाच सुलट स्थिती (0 ते 4), पाच पालथ्या (5 ते 9), मिळून दहा अंक. त्यांचंच 10 बाय 10 चं टेबल. त्यात 1 नंतर 5 घेतला तर 6 येतो, 5 नंतर 1 घेतला तर 9.

एवढंच टेबल टाकून थांबणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. 1 आणि 2 कसेही घ्या, उत्तर 3 च. दोनदा फिरवण्यात क्रम उरत नाही. म्हणून जागेप्रमाणे अंक बदलणारं 8 ओळींचं दुसरं टेबल लागतंच. दोन्ही असतील तर शेजारची कुठलीही अदलाबदल निसटत नाही.

क्रमांक स्ट्रिंग म्हणूनच, म्हणजे संख्या नव्हे तर मजकूर म्हणून ठेवा, मधल्या मोकळ्या जागा काढा. तपासताना उजवीकडून जागा 0 पासून मोजा, शेवटी 0 उरला पाहिजे. चेक डिजिट काढताना मात्र 1 पासून, कारण 0 ची जागा त्याच्यासाठी राखीव. 236 देऊन बघा. 3 यायला हवा. 0 आला, तर लूप 0 पासून सुरू झालाय.