फॉग लाइट की ड्रायव्हिंग लाइट? पिकअपच्या पुढच्या जादा दिव्यांतला खरा फरक

पिकअपच्या बंपरवर किंवा बुलबारवर जादा दिवे दिसले की सरसकट सगळ्यांना फॉग लाइट म्हटलं जातं. गोंधळ होण्याचं कारणही तसंच आहे. डबा तोच, ब्रॅकेट तेच, आणि हॅलोजनच्या जोडीत बऱ्याचदा बल्बही तोच असतो, एच३ किंवा एच११, ५५ वॅट. शेजारी शेजारी ठेवले तर बाहेरून ओळखू येत नाहीत. पण हे दोन दिवे एकमेकांच्या अगदी उलट काम करतात, आणि एकाच्या जागी दुसरा लावला की समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात नाहीतर आपल्यालाच काही दिसत नाही.

फरक आहे तो झोताच्या आकारात. फॉग लाइटचा झोत रुंद आणि चपटा असतो आणि वरून सुरीने कापल्यासारखा सरळ रेषेत संपतो. या रेषेला कट-ऑफ म्हणतात. तिच्या वर जवळपास अंधार असायला हवा. उजेड पडतो तो गाडीपुढच्या पहिल्या तीस-चाळीस मीटरवर आणि रस्त्याच्या दोन्ही कडांवर. ड्रायव्हिंग लाइटचा झोत अरुंद आणि लांब पल्ल्याचा असतो, त्याला कट-ऑफ नसतो. तो अपरचा, म्हणजे हेडलाइटच्या लांबच्या झोताचा, जोडीदार आहे. म्हणजे रस्ता मोकळा असतानाच वापरायचा आणि डिपर, म्हणजे जवळचा झोत, लावला की बंद व्हायलाच हवा. दिवा किती उंचीवर बसवायचा, किती वाकवायचा, स्विचला करंट कुठून द्यायचा, या सगळ्यांची उत्तरं या एका फरकातून निघतात.

धुक्यात अपर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. हवेतल्या थेंबांवर आपटून प्रकाश परत आपल्याच डोळ्यांत येतो. दिवा डोळ्यांच्या रेषेच्या जितका जवळ, तितका परतीचा उजेड जास्त. म्हणून फॉग लाइट खाली बंपरमध्ये असतो आणि त्याचा झोत वर चढूच दिला जात नाही. पिकअपमध्ये चालक उंच बसतो, हा इथे फायदाच आहे, कारण दिवा आणि डोळे यांच्यातलं अंतर आपोआप वाढतं. छतावर फॉग लाइट लावला तर हा फायदा पुरता जातो.

पिवळ्या रंगाबद्दल थोडं. पिवळा प्रकाश धुकं भेदतो, हा समज जुना आहे. धुक्याचा थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी पट मोठा असतो, त्यामुळे सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. फ्रान्समध्ये १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून १९९३पर्यंत पिवळे हेडलाइट सक्तीचे होते, तरी त्यामागे धुकं भेदण्याची जादू नव्हती. निळा भाग गाळला की चकाकी कमी टोचते, एवढा फायदा खरा. पण पांढऱ्या दिव्यावर पिवळी फिल्म चिकटवली की काही उजेड त्या फिल्ममध्येच अडतो. झोताचा आकार चुकीचा असेल तर रंग काहीही असो, उपयोग नाही.

काच वाचा, खोका नाही

खोक्यावरच्या नावावर विश्वास ठेवू नका. खूण काचेवर कोरलेली असते. गोलात मोठा ई असलेल्या युरोपीय मान्यतेच्या दिव्यावर ‘बी’ किंवा ‘एफ३’ हे अक्षर असेल तर तो फॉग लाइट. ‘आर’ किंवा ‘एचआर’ असेल तर तो अपरच्या जातीचा, म्हणजे ड्रायव्हिंग लाइट. त्याच्या शेजारी १७.५, ३७.५ असा आकडा असतो, तो तीव्रतेचा संदर्भांक. युरोपीय नियमांत एकाच वेळी पेटू शकणाऱ्या सगळ्या अपर दिव्यांच्या अंकांची बेरीज १०० च्या वर जाऊ देत नाहीत, आणि त्या बेरजेत गाडीचे मूळ हेडलाइटही धरतात. अमेरिकी ‘एसएई’ मान्यतेत फॉगला ‘एफ’ आणि ड्रायव्हिंगला ‘वाय’.

कसलीच खूण नसेल तर तो बहुधा वर्क लाइट. तिथे ‘फ्लड’ आणि ‘स्पॉट’ असे शब्द भेटतात आणि गोंधळ आणखी वाढतो. फ्लड म्हणजे फॉग नव्हे. फ्लडचा झोत रुंद असतो खरा, पण तो वरही तितकाच पसरतो. एलईडी बारचंही तसंच. हौद्यात सामान चढवताना किंवा आडरानात मोकळ्यावर हे दिवे उत्तम, पण रस्त्यावर दोन्हींपैकी एकाचीही जागा ते घेत नाहीत. खात्री करायची असेल तर अंधार पडल्यावर भिंतीपासून पाच मीटरवर दिवा पेटवा. वरच्या बाजूला आडवी, स्पष्ट रेषा दिसली तर फॉग. मधोमध गोल, तेजस्वी डाग दिसला तर ड्रायव्हिंग किंवा स्पॉट. नुसताच सगळीकडे उजेड पसरला तर फ्लड.

ही परीक्षा आणखी एक चूक पकडते. काही दिवे ब्रॅकेटवर उभे बसवायचे असतात, काही लटकवायचे. फॉग लाइट उलटा बसवला की कट-ऑफही उलटतो, खाली अंधार आणि वर सगळा उजेड. काचेवर ‘टॉप’ लिहिलेलं असतं, ते वरच यायला हवं. ड्रायव्हिंग लाइटमध्ये याने कमी बिघडतं, फॉगमध्ये सगळंच बिघडतं.

हॅलोजन फॉग लाइटच्या डब्यात एलईडी बल्ब खोचण्याचा मोह टाळा. रिफ्लेक्टर त्या बारीक फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीच्या चिप पट्टीच्या दोन्ही अंगांना असतात, जागा मिलिमीटरभर जरी सरकली तरी कट-ऑफ विस्कटतो आणि उजेड वर उडतो. एलईडी हवा असेल तर एलईडीसाठीच घडवलेला पूर्ण दिवा घ्या.

जागा

युरोपीय नियमांत छोट्या मालवाहू गाड्यांच्या फॉग लाइटची जमिनीपासून उंची २५० ते ८०० मिलिमीटर ठरवली आहे, आणि तो डिपरच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. सस्पेन्शन उचललेल्या पिकअपमध्ये मूळ फॉग लाइटही गाडीबरोबर वर जातात आणि ही मर्यादा सहज ओलांडतात, तेव्हा मोजून बघा. दोन दिवे जितके गाडीच्या बाहेरच्या कडांकडे तितके चांगले.

ड्रायव्हिंग लाइट बुलबारवर किंवा ग्रिलपुढे येतात. मोठे गोल दिवे रेडिएटरपुढे लावले तर हवा अडते. ट्रेलर ओढत घाट चढताना तापमानाचा काटा वर जाऊ लागला तर आधी हे तपासा. ग्रिलमागे क्रूझ कंट्रोलचा रडार असेल तर त्याच्यासमोर काहीच येऊ देऊ नका. आणि दिवा एकाच बोल्टवर, पातळ पत्र्यावर असेल तर झोत थरथरतो. डोळा तो थरथरता डाग पाहून लवकर थकतो. पाठीमागे आधाराची दुसरी पट्टी द्या. छतावर लावलेल्या दिव्याचा उजेड बॉनेटवरून परावर्तित होऊन थेट काचेत येतो, त्यासाठी बॉनेटच्या मधोमध काळी मॅट पट्टी लावावी लागते.

वायरिंग

दोन्हींना रिले, म्हणजे छोट्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लागतोच. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, इंजिन चालू असताना साधारण ८.३ अँपिअर. एवढा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून नेऊ नये. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीचा प्लस, १५ अँपिअरच्या फ्यूजमधून. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, कारण त्याच्या अलीकडची वायर घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवणारं काही नसतं. ८७ वरून दिव्यांकडे, ८५ अर्थला (गाडीच्या पत्र्याला), ८६ ला स्विचकडून येणारा इशारा.

फरक फक्त या ८६ मध्ये आहे. फॉगसाठी हा इशारा पार्किंग लाइटच्या वायरीतून स्विचमार्गे घ्या, म्हणजे डिपरबरोबर ते चालतात आणि दिवे बंद केले की तेही विझतात. ड्रायव्हिंगसाठी तो अपरच्या वायरीतूनच घ्यायचा, मध्ये स्विच. इग्निशनवरून सरळ घेतला तर डिपर मारल्यावरही ते जळत राहतात. असे ड्रायव्हिंग लाइट समोरच्यासाठी धोक्याचे आहेत, यात सवलत नको.

काही गाड्यांत हेडलाइटचं स्विचिंग अर्थच्या बाजूने होतं. तिथे अपरच्या वायरीत कायम प्लस मिळतो आणि रिले बंदच होत नाही. जोडण्याआधी मल्टिमीटरने अपर-डिपर करून बघा. तसं आढळलं तर ८६ ला इग्निशनचा प्लस स्विचमधून द्या आणि ८५ अपरच्या अर्थ बाजूला जोडा. नव्या गाड्यांत हेडलाइटला तुटक पल्समध्ये करंट मिळतो, तेव्हा साधा रिले टकटकतो. तिथे त्या गाडीसाठी बनवलेलं मॉड्यूलच लागतं.

वायरीच्या जाडीत काटकसर करू नका. मुख्य लाइन चार मीटर आणि ०.७५ चौरस मिलिमीटरची असेल तर तिच्यातच ०.८ व्होल्ट पडतात, आणि हॅलोजनचा उजेड तेवढ्याने सुमारे पाचवा हिस्सा घटतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत हाच तोटा पाव व्होल्टच्या आसपास राहतो. अर्थ रंगावर नको, घासून उघड्या केलेल्या पत्र्यावर घ्या. दिवा मंद पेटतोय आणि फ्यूज ठीक आहे, अशा तक्रारीत बहुतेक वेळा अर्थच कच्चा असतो.

झोत वाकवताना हौदा विसरू नका

सपाट जमिनीवर, टायरची हवा बरोबर करून, गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. भिंतीवर दिव्याच्या मध्याच्या उंचीवर रेघ मारा. फॉगचा कट-ऑफ या रेघेच्या १५ ते २० सेंटिमीटर खाली यायला हवा. दिवा ६० सेंटिमीटर उंचीवर असेल तर २० सेंटिमीटरच्या उतारावर झोताची वरची कड ३० मीटरवर जमिनीला टेकते. ड्रायव्हिंग लाइटचा तेजस्वी डाग रेघेवरच किंवा जेमतेम तीन-चार सेंटिमीटर खाली.

पण हे रिकाम्या पिकअपचं गणित झालं. तीन मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) गाडीत माल भरल्यावर मागची बाजू सहा सेंटिमीटर बसली, की नाक दोन टक्के वर येतं. म्हणजे १० मीटरवर २० सेंटिमीटर. नीट वाकवलेला फॉगचा कट-ऑफ तेवढ्याने आडवा होतो आणि जमिनीला कधी टेकतच नाही. ड्रायव्हिंग लाइटचा उजेड झाडांच्या शेंड्यांवर जातो. हेडलाइटला बऱ्याच गाड्यांत पातळी बदलायचं बटण असतं, मागाहून लावलेल्या दिव्यांना नसतं.

म्हणून नेहमी जेवढा माल असतो तेवढा भरून झोत लावा. फॉग लाइटच्या बाबतीत शंका असेल तर पूर्ण भारानेच. मग रिकाम्या गाडीत तो जवळ पडेल, ६० सेंटिमीटर उंचीच्या दिव्यात पंधरा ते सतरा मीटरवर, पण रस्त्याच्या कडा दिसतील आणि कुणाचे डोळे दिपणार नाहीत. लक्षात घ्या, स्वच्छ रात्री फॉग लावून ठेवल्याने लांबचं जास्त दिसत नाही, उलट कमी दिसतं. बॉनेटपुढची जमीन उजळली की बुबुळ आकुंचन पावतं आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. लांबचं दिसायला हवं असेल तर ड्रायव्हिंग लाइटच हवा.

झोत जुळला की बोल्ट कसून, बोल्टवरून ब्रॅकेटवर जाईल अशी रंगाची एक बारीक रेघ ओढा. खडबडीत रस्त्यावरून आल्यावर ती रेघ तुटलेली दिसली तर दिवा हलला आहे, पुन्हा भिंतीसमोर न्या.